बोअर आणखी खोल न्यायचा का?

प्रश्न : ताई, लातूरमध्ये आमची 24 फ्लॅटची सोसायटी आहे, माणसं 96. यंदा होळीच्या आधीच बोअरचं पाणी तुटक यायला लागलं. आता दिवसाआड 10,000 लिटरचा टँकर मागवतो. काही सभासद म्हणतात, बोअर 700 फुटांपर्यंत न्या. ज्यांच्या घरी दोघंच आहेत ते म्हणतात, टँकरचे पैसे आम्ही सारखे का द्यायचे, मीटर बसवा. मी सचिव आहे. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : बोअरची गाडी तूर्तास बोलावू नका. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत असतं. जितकं खोल तितकं जास्त पाणी, असं तिथे नसतं. भेग लागली तर लागली, नाहीतर नुसती भुकटी उडते आणि सोसायटीची शिल्लक संपते.

मी पाणीपुरवठ्याच्या कामात 28 वर्षं काढली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. सगळं शहर त्या पाण्याकडे डोळे लावून बसलं होतं. त्याच दिवसांत एका रात्री मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर काठी घेऊन उभी होते.

तुम्हीही आज रात्री तेच करा. वरची टाकी भरा, मोटार बंद करा. रात्री 1 वाजता काठी तळापर्यंत बुडवा, ओल कुठवर आली तिथे खूण करा. 4 वाजता पुन्हा बघा. आमची टाकी 4 मीटर लांब, अडीच मीटर रुंद. म्हणजे पाणी 1 सेंटिमीटर उतरलं की 100 लिटर गेलं. सगळी इमारत झोपलेली असताना 3 तासांत 3 सेंटिमीटर उतरलं. दिवसाला 2,400 लिटर, महिन्याला 72,000. सात टँकर!

दुसऱ्या दिवशी मी घरोघर फिरले. फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाकायचे आणि पाव तास कुणी फ्लश करायचा नाही. पाच घरांत भांड्यात निळं पाणी उतरलं. टाकीच्या तळाचं रबर कडक झालेलं असतं, पाणी आवाज न करता जातं, घरच्यांना पत्ता नसतो. उरलेलं पाणी डक्टमधल्या एका सांध्यातून जात होतं.

आता सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडा, आणि त्यावर अडून राहा : घरातलीही गळती सोसायटीच्या खर्चानं दुरुस्त होईल. ‘तो त्यांचा नळ, त्यांनी बघावं’ म्हणत वर्षं जातात, आणि टाकी तर सगळ्यांची रिकामी होते. टँकरपुढे रबराची किंमत काहीच नाही.

मीटरची मागणी रास्त आहे. पण जुन्या इमारतीत एका फ्लॅटला स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास अशा वेगवेगळ्या पाइपांतून पाणी येतं. घरटी एक मीटर बसवायला बरीच तोडफोड होते. टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक मुख्य पाइपला मीटर लावा. कुठल्या बाजूला वापर जास्त, ते महिन्यात कळेल. शहरांत माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे तुम्हाला दिवसाला 12,960. तुमचा आकडा याच्या वर असेल तर भांडण माणसांच्या संख्येवरून नको, गळतीवरून करा.

राहिली गच्ची. 300 चौरस मीटर गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर 2,10,000 लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी 1,68,000 उरतं. तुमच्या वापराच्या हिशेबानं हे 13 दिवसांचं पाणी. वर्ष त्यावर निघणार नाही. तरी जवळपास 17 टँकर आहेत ते, सोडू नका. मात्र गच्चीचा पाइप थेट बोअरात सोडून देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. माती जाऊन भेगा बुजतात आणि घाण खालच्या पाण्यात मिसळते. खडी-वाळूच्या गाळणीतूनच पाणी जाऊ द्या, पहिल्या दोन सरी बाहेर सोडा, आणि मृग लागायच्या आधी गच्ची झाडून घ्या.