महाग दिसतोय म्हणून शेअर शॉर्ट करावा का?

तुमचा प्रश्न असा: कंपनीचा पीई (शेअरचा भाव एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) 150 आहे, नफा तीन वर्षं जागचा हललेला नाही, तरी शेअर चढतोच आहे. कधी ना कधी पडणारच, मग आत्ताच शॉर्ट करून बसलं, म्हणजे शेअर उसना घेऊन विकला आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन परत केला, तर काय बिघडलं?

त्या 'कधी ना कधी'पायीच मी हात पोळून घेतलेत. अगदी याच हिशेबाने एक शेअर शॉर्ट केला होता. चार महिन्यांत तो दीडपट झाला, मार्जिन कॉल (ब्रोकरकडून आणखी तारण भरायची मागणी) आला आणि मी मुकाट्याने तोटा सोसून बाहेर पडलो. वर्षभराने तोच शेअर मी विकलेल्या भावाच्या निम्म्यावर होता. कंपनीबद्दलचं माझं मत बरोबर निघालं, पैसे मात्र दुसऱ्याच कुणाला मिळाले.

हे माझ्यासारख्या हौशी माणसाचंच होतं असं नाही. डिसेंबर 1996 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी बाजाराच्या अविवेकी उत्साहाबद्दल शंका बोलून दाखवली, तेव्हा तिथला टेक कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक निर्देशांक 1300च्या आसपास होता. मार्च 2000 मध्ये तो 5048वर पोचला. ऑक्टोबर 2002 मध्ये 1114वर आला, म्हणजे शंका घेतली त्या पातळीच्याही खाली. पण 1996 साली शॉर्ट केलेला माणूस मधली सव्वातीन वर्षं कशाच्या जिवावर काढणार होता?

इथलं गणितच उलटं चालतं. समजा खात्यात 1000 आहेत आणि 100चा शॉर्ट घेतलाय. शेअर दुप्पट झाला की खात्यात उरतात 900 आणि पोझिशन, म्हणजे शॉर्ट केलेल्या शेअरची किंमत, होते 200ची. दहा टक्क्यांची जोखीम बावीस टक्क्यांवर गेली, तीही तुम्ही काही न करता. विकत घेतलेला शेअर पडतो तेव्हा निदान त्याचं ओझं आपोआप कमी होत जातं. शॉर्टमध्ये जितके चुकाल तितकी चूक मोठी होते. वर उसन्या शेअरचं व्याज द्यायचं, मधे लाभांश आला तर तोही आपल्या खिशातून भरायचा. आणि ज्याचा शेअर उसना घेतलाय त्याने तो परत मागितला, दुसरीकडे कुठे मिळाला नाही, तर असेल त्या भावाला खरेदी करून द्यावा लागतो.

भाव चुकीचा आहे हे नुसत्या गुणाकाराने सिद्ध होत असलं तरी भागत नाही. मार्च 2000 मध्ये अमेरिकेतल्या थ्रीकॉम कंपनीने आपल्या पाम या कंपनीचे जेमतेम 5 टक्के शेअर बाजारात आणले. बाकीचे थ्रीकॉमच्या भागधारकांना पुढे मिळणार होते, एका शेअरमागे साधारण दीड. पहिल्या दिवशी पाम बंद झाला 95 डॉलरवर आणि थ्रीकॉम 82च्या आत! दीड पाम पोटात असलेला शेअर एका पामपेक्षा स्वस्त. बाजारातल्या सगळ्यांना हे दिसत होतं, पण शॉर्ट करायला पामचे शेअर उसने मिळणंच मुश्कील होतं.

मग शॉर्ट कधीच करू नये का? मी अजूनही करतो, क्वचित. फक्त पीई पाहून करत नाही. शेअर का पडेल आणि साधारण केव्हा, हे सांगता आलं पाहिजे. शॉर्ट करण्यासाठीच ओळखले जाणारे अमेरिकी फंड व्यवस्थापक जिम चॅनोस यांनी एन्रॉन या ऊर्जा कंपनीचा शेअर शॉर्ट केला तो हिशेबाच्या वह्या वाचून: पुढच्या अनेक वर्षांचा अंदाजे नफा कंपनी आजच जमा दाखवत होती आणि गुंतवलेल्या भांडवलावर प्रत्यक्षात फारसं काही सुटत नव्हतं. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

तुमच्या कंपनीत तसं काही सापडलंय का? कर्जफेडीची तारीख जवळ आलीय, उधारी वसूल होत नाहीये, प्रवर्तक विकत सुटलेत, असं काही? नसेल तर मी तरी हात लावणार नाही. राहवतच नसेल तर पुट (ठरलेल्या भावाला ठराविक मुदतीपर्यंत शेअर विकायचा हक्क) घ्या, तोटा प्रीमियमपुरता, म्हणजे त्या हक्कासाठी दिलेल्या पैशांपुरता राहील. अर्थात अशा गाजणाऱ्या शेअरचे पुटही महागच असतात आणि मुदत संपली की हिशेब संपला, त्यामुळे 'केव्हा' हा प्रश्न तिथेही सुटत नाही.