डिस्क नसलेल्या संगणकांना स्वॅप देण्यापूर्वी

सांगलीत आपण डिस्क नसलेल्या वीस जुन्या संगणकांची प्रयोगशाळा उभारत आहात आणि त्या सर्वांना सर्व्हरवरून स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडल्यास तिच्यातला मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा, देऊ इच्छिता. विचार चुकीचा नाही, घाईचा आहे. मेमरी संपत आली की कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) मेमरीतली ४ केबीची पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, बाहेर पाठवू लागते, परंतु ती नेटवर्कवरून पाठवण्यासाठी पॅकेट बांधावे लागते आणि त्या पॅकेटलाही मेमरीच लागते. विहिरीचे पाणी उपसायचे आणि पंपात भरायलाच पाणी नाही, अशी गत होऊन यंत्र जागीच थिजते. २०१२ च्या लिनक्स ३.६ पासून एनबीडी (सर्व्हरवरची जागा नेटवर्कवरून डिस्कसारखी वापरण्याची पद्धत) व एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याची पद्धत) यांवरील स्वॅपसाठी राखीव मेमरी वापरण्याची सोय कर्नलमध्ये आहे, म्हणून त्याहून जुने कर्नल ठेवू नका आणि एनबीडी क्लायंट सुरू करताना स्वॅपचा पर्याय अवश्य द्या.

प्रत्येक संगणकाला स्वतंत्र स्वॅप फाइल हवी. विश्रामबागेतल्या एका वर्गात मी आळसाने दोन यंत्रांना एकच फाइल दिली होती. एकाने दुसऱ्याची पाने पुसली आणि दोन्ही बंद पडली.

वेगाची अपेक्षाही माफक ठेवावी. १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट वाहते, आणि सर्व्हरचा पोर्टही तेवढाच असेल तर ते वीस जणांत वाटले जाते. म्हणून आधी झेडरॅम (मेमरीतच बनवलेले, मजकुराचा आकार लहान करून साठवणारे स्वॅप) लावून मेमरीतच पाने दाबून ठेवावीत, त्याला अधिक प्राधान्य द्यावे आणि नेटवर्कवरील स्वॅप केवळ अडीअडचणीपुरते राखावे. वीज गेल्यावर स्वॅपची वाट तुटू नये म्हणून सर्व्हरबरोबर नेटवर्कचा स्विचही यूपीएसवर घ्या. हे बहुतेक जण विसरतात.