हरिकेनचा वेग गणितात दुप्पट का येतो?

प्रश्न : अटलांटिकमधल्या हरिकेनचं गणित केलं. २० अंश उत्तर अक्षांश, ४०० किमीवरची हवा स्थिर धरली, ती केंद्रापासून २० किमीवर आणली आणि कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) कायम ठेवला. वेग आला ताशी ७१८ किमी! चूक कुठे झाली? मित्राचं म्हणणं, स्थिर हवेचा संवेग शून्य, त्यामुळे वेग यायलाच नको. (भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आधी मित्राचं पाहू. हवा जमिनीच्या तुलनेत स्थिर आहे, पण जमीनच फिरते आहे. म्हणून दर किलो हवेचा संवेग असा मांडतात : त्रिज्या × वेग, अधिक ½ × फ × त्रिज्येचा वर्ग. इथे फ म्हणजे पृथ्वीच्या कोनीय वेगाची दुप्पट गुणिले अक्षांशाचा साइन. २० अंशांवर तो ०.००००५ प्रतिसेकंद येतो. विषुववृत्तावर फ शून्य होतो, म्हणून साधारण ५ अंशांच्या आत ही वादळं सहसा जन्मत नाहीत. (२००१ मधलं वामेई सिंगापूरजवळ जेमतेम दीड अंशावर तयार झालं. असा अपवाद विरळाच.)

तुमच्या हवेकडे ४०० किमीवर ४० लाख वर्गमीटर प्रतिसेकंद संवेग आहे. २० किमीवर पृथ्वीच्या वाट्याचे फक्त १० हजार उरतात. बाकीच्याला २०,००० मीटरने भागलं की १९९.५ मीटर प्रतिसेकंद. आकडेमोड चोख आहे, चुकलं ते गृहीतक. हवा आत येते ती मुख्यतः समुद्रालगतच्या सुमारे एक किमी जाडीच्या थरातून, आणि तिथे समुद्राचं घर्षण तिचा संवेग सतत काढून घेतं.

किती? घर्षण गुणक ०.००१५, थराची जाडी १००० मीटर, आत येण्याचा वेग १० मीटर प्रतिसेकंद धरा. केंद्रापासून १०० किमीवर वारा ३२ मीटर प्रतिसेकंद असेल, तर दर मीटर आत सरकताना जाणारा संवेग = गुणक × वेगाचा वर्ग × त्रिज्या ÷ (जाडी × आत येण्याचा वेग), म्हणजे सुमारे १५. याच दराने १०० किमीत १५ लाख गेले! हा अंदाज ढोबळ आहे, पण नुकसान किरकोळ नाही एवढं नक्की.

म्हणून डोळ्याच्या (वादळाच्या शांत केंद्राच्या) भोवतालच्या ढगांच्या भिंतीबाहेर वेग त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात न वाढता साधारण तिच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या चौथाई झाली की वेग दुप्पट, चौपट नव्हे. १६० किमीवर २५ मीटर प्रतिसेकंद असेल, तर ४० किमीवर ५०, म्हणजे ताशी १८० किमी. संवेग अक्षय्य धरला असता तर ११५ मीटर प्रतिसेकंद आले असते.

उत्तर पटण्याजोगं आहे का, हे दाबावरूनही तपासता येतं, आणि ही सवय लावून घ्यावी. २० किमीवर २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरणाऱ्या हवेला वळणात धरून ठेवायला दर किमीला सुमारे २२ हेक्टोपास्कल दाबफरक लागेल, म्हणजे दहाच किमीत २२०. समुद्रसपाटीवर नोंदलेला सर्वांत कमी दाब ८७० आहे (‘टिप’ नावाचं वादळ, १९७९). बाहेरच्या दाबापेक्षा तो जेमतेम १४० ने कमी. मेक्सिकोजवळच्या पॅट्रिशिया हरिकेनचा (२०१५) कमाल वेगही ताशी ३४५ किमीच होता.

मग संवेग कायम राहण्याचा नियम कुठेच लागू पडत नाही का? पडतो, वरच्या थरात. भिंतीतून वर चढलेली हवा बाहेर पसरते, तेव्हा खाली समुद्र नसतो आणि संवेग बऱ्यापैकी टिकतो. वरच्या उदाहरणात ४० किमीवर उरलेले २०.४ लाख घ्या. बाहेर जाताना वेग घटत घटत सुमारे २८५ किमीवर शून्य होतो आणि पुढे हवा उलटी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागते. उत्तर गोलार्धातल्या हरिकेनच्या उपग्रहचित्रात कडेचे पांढरे, विरळ ढग म्हणूनच आतल्या ढगांच्या विरुद्ध दिशेने वळलेले दिसतात.