चार्ज देताना समोरच्याकडून परत ऐकून घ्या

गोव्यातल्या कुंडईच्या औषध कारखान्यात पॅकिंग विभाग तुमच्याकडे येऊन सहा महिने झालेत. माणसं आपसात बोलत नाहीत, सकाळच्या मीटिंगला सगळे गप्प, एका पाळीतली चूक दुसऱ्या पाळीत उघडी पडते, असं तुम्ही लिहिलंय. दोन दिवसांचं संवादकौशल्याचं ट्रेनिंग ठेवावं का, हा तुमचा प्रश्न. मी वेर्ण्याला अशाच कामात 24 वर्षं काढली, त्यातली 11 शिफ्ट इनचार्ज म्हणून. माझं मत विचाराल तर ट्रेनिंग आत्ता नको. आधी आठ दिवस पाळी बदलताना दोन ते सव्वादोन काय चालतं, ते तिथे उभं राहून बघा.

माणसं बोलत नाहीत, हे मला पटत नाही. आमची फोंड्याची बस बोरीच्या पुलावर येईपर्यंत आत इतका गलका असायचा की शेजारच्याचं ऐकू येत नसे. माटोळीच्या बाजारापासून बांगड्याच्या भावापर्यंत सगळं. तीच माणसं मशीनपाशी दोन शब्दांत आटपायची, कारण पाळी दोनला सुटायची आणि बस सव्वादोनला. त्यात गाऊन उतरवायचा, बूट बदलायचे, पंच करायचं. खरा चार्ज, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाच्या हाती काम सोपवणं, दिला जायचा तो चेंज रूममध्ये, मधल्या बाकावर. एकाचा एक पाय आत, दुसऱ्याचा एक बाहेर. हा मास्क काढतोय, तो टोपीत केस कोंबतोय.

अशाच एका रात्रीची गोष्ट. गोळ्यांच्या स्ट्रिप्स बनवणाऱ्या ब्लिस्टर लाइनवर फॉईलचा नवा रोल चढवला होता, सील नीट बसेना, म्हणून दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने मर्यादेत राहून तापमान थोडं वाढवलं. रात्री दहाला रिलिव्हर आला. हा म्हणाला, “तापमान वाढवलंय हां, जरा बघ.” तो म्हणाला, “हय, पळयतां.” म्हणजे हो, बघतो. पहाटेच्या लीक टेस्टला स्ट्रिप्स निळ्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावला, बाहेर काढून पुसल्या, फोडल्या. एका स्ट्रिपच्या दोन पॉकेटांत गोळीच्या कडेला निळा डाग, म्हणजे सील गळत होतं. अख्ख्या रात्रीचा माल होल्डवर गेला.

चौकशीत पहिला म्हणाला, मी सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, मी बघितलं होतं. दोघंही खरं बोलत होते. पहिल्याच्या “बघ”चा अर्थ होता, नेहमीपेक्षा लवकर लवकर लीक टेस्ट घे, या रोलवर माझा भरवसा नाही. दुसऱ्याने डिस्प्लेवरचा आकडा बघितला, तो सांगितल्याप्रमाणे होता, आणि तो निश्चिंत झाला. कितीतरी दिवस ती चौकशी माझ्या डोक्यातून जाईना. दोन चांगल्या, मेहनती माणसांना मेमो मिळाले आणि कुठे चुकलं हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर आम्ही एकच गोष्ट बदलली. चार्ज घेणाऱ्याने, आपण काय समजलो आणि आता काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, मगच लॉगबुकात सही. ही युक्ती माझी नाही. माझ्या एका सासष्टीच्या सहकाऱ्याचे वडील तारवटी, बोटीवर सुकाण धरायचे. वरून हुकूम आला “स्टारबोर्ड टेन”, की ते तोच हुकूम मोठ्याने परत म्हणणार, मग चाक फिरवणार, आणि सुकाण दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगणार. त्यांना मी विचारलं होतं, याचा कंटाळा नाही येत? ते म्हणाले, अंधारात दुसरं काय आहे आपल्याकडे?

आमच्या जुन्या ऑपरेटरांना मात्र ते लागलं. “आमी कितें शाळेंतले भुरगे?” आम्ही काय शाळेतली पोरं, असं एकाने तोंडावर विचारलं. म्हणून पहिले पंधरा दिवस मी ते कोणाकडूनही मागितलं नाही, फक्त स्वतः केलं. कोणी मला काही सांगितलं की मी म्हणायचो, “मी काय समजलो ते सांगतो, चुकलं तर थांबव.” आणि ते थांबवायचे, बऱ्याचदा. मग हळूहळू बाकीचेही करायला लागले. तुम्ही “समजलं का?” एवढंच विचारत असाल तर ते बंद करा. त्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: हो. त्याऐवजी विचारा, “आता पहिल्यांदा काय करणार?”

चार्जमध्ये काय सांगायचं, याचा मोठा फॉर्म करू नका, लोक तो बसमध्ये भरतील. नेहमीपेक्षा वेगळं काय केलं आणि अर्धवट काय राहिलं, एवढं आलं तरी पुष्कळ. अर्धवट कामाचं मी मुद्दाम म्हणतोय. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल फलाटावर 167 माणसं गेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, काम पुरं झालं नव्हतं, आणि हे पुढच्या पाळीपर्यंत पोचलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा सुरू केला, वायू गळला आणि स्फोट झाला. कामाच्या परवान्यांचे कागद होते, पंपाचा वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा. आपल्याकडे वायू नाही, गोळ्या आहेत, पण त्या कोणीतरी आजारी माणूस विश्वासाने गिळणार आहे.

आता भाषेचं. गोव्यात हा विषय कोणी मोकळेपणाने काढत नाही, कारण लगेच कोकणी-मराठीच्या जुन्या जखमेला हात लागतो. फ्लोअरवर प्रश्न साधा आहे. एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याचा लेखी कागद, इंग्रजीत, सुपरवायझर मराठीत विचार करणारा, ऑपरेटर कोकणीत, दोडामार्गहून रोज येणारी पोरं मालवणीत, आणि कंत्राटी मुलं हिंदीत किंवा ओडियात. एकदा मेंटेनन्सच्या बोर्डावर एका झारखंडच्या मुलाने लिहिलं, “गिअरबॉक्स ऑइल – कल”. त्याच्या मनात उद्या. दोडामार्गच्या मुलाने वाचलं काल, म्हणजे झालेलं. तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स कुरकुरायला लागला तेव्हा कळलं. आपली मराठीही काही कमी नाही. आपला “परवा” मागेही जातो आणि पुढेही. कोकणीत निदान मागचं परां वेगळं आणि पुढचं परवां वेगळं. तेव्हापासून आमच्या बोर्डावर काल, उद्या, परवा हे शब्द बंद. तारीख आणि पाळी, आकड्यात: 14/3, दुसरी.

आणखी एक, बारीक वाटेल पण आहे मोठं. गोव्याच्या कोकणीत वडीलधाऱ्यालाही सहज “तूं” म्हणतात, त्यात अनादर नसतो. कोल्हापूरहून आलेल्या माझ्या एका केमिस्टला विशीतल्या ऑपरेटरने “तूं सांग” म्हटलं, तर तो दोन महिने त्याच्याशी कामापुरतंही बोलेना. दोघांना एका टेबलावर चहाला बसवून मी हे समजावलं, तेव्हा त्या पोराचा चेहरा रडवेला झाला. त्याला कल्पनाच नव्हती. तुमच्याकडे अशी एखादी जोडी आहे का, ते शोधा.

व्हॉट्सॲपचे दोन ग्रुप आहेत म्हणालात. सूचना ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. फ्लोअरवर मोबाईल नेता येत नाही. अकराला टाकलेला मेसेज ऑपरेटर बघणार दोननंतर, लॉकर उघडल्यावर. वर अंगठा येतो आणि आपण समजतो पोचलं. ग्रुप रजा आणि बसच्या वेळांपुरता ठेवा. रजेवरून आठवलं: चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी अर्धा विभाग रिकामा होतो आणि नाताळाला उरलेला. त्या दोन्ही वेळी चार्जला दुप्पट वेळ द्या, कारण घेणारा एका पाळीपुरता नाही, आठवडाभरासाठी घेत असतो.

मीटिंगमधली शांतता मात्र कोणत्याही युक्तीने जाणार नाही, तिथे तुम्हालाच बदलावं लागेल. इनचार्ज झाल्यावर पहिल्याच वर्षी एका मुलीने शंका आली म्हणून लाइन थांबवली. शंका खोटी निघाली, चाळीस मिनिटं गेली, आणि मी तिला सगळ्यांसमोर बोललो. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझ्या पाळीत कोणीही स्वतःहून लाइन थांबवली नाही. आकडे सुंदर आले. मला ते फार उशिरा उमगलं. मग मी त्या मुलीची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोरच, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. तुमच्या मीटिंगमध्ये चूक निघाल्यावर पहिला प्रश्न “कोणी केलं?” असा येतो का, ते ऐका. येत असेल तर तो “कधी लक्षात आलं?” असा करून बघा, आणि ज्याने सांगितलं त्याला त्या दिवशी मेमो लागणार नाही याची क्यूएशी, म्हणजे गुणवत्ता विभागाशी, आधी बोलून खात्री करा. क्यूएशी न बोलता वचन देऊ नका, एकदा मोडलं की गेलं.

राहिली बसची वेळ. आम्हाला दहा मिनिटं वाढवून मिळायला पाच महिने लागले. ऍडमिन म्हणायचं, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम पडेल. मी शेवटी वर्षभरात पाळी बदलतानाच्या घोळामुळे होल्डवर गेलेल्या बॅचेसची यादी काढली आणि प्रत्येकीसमोर पुन्हा तपासणीला गेलेले तास लिहिले. एकच पान होतं. ट्रेनिंगसाठी तुम्हाला जे पैसे मंजूर झालेत, ते आधी या दहा मिनिटांसाठी मागून बघा, पण जाताना ते पान घेऊन जा.