ओळीगणिक की शब्दागणिक?

प्रश्न सांगलीहून आला आहे. विद्यार्थ्यांसाठी लिनक्सच्या मराठी टिपा लिहिताना विचारणाऱ्यांनी 'एक्सआर्ग्ज' (xargs) या कमांडचं वर्णन असं केलंय: 'पाइपमधून आलेल्या प्रत्येक ओळीसाठी ही दिलेली कमांड पुन्हा पुन्हा चालवते.' (पाइप म्हणजे एका कमांडने दिलेला माल दुसरीकडे पोचवणारी जोडणी.) 'पुन्हा पुन्हा' त्यांना खटकतं. मग 'वारंवार' की 'प्रत्येकी'?

'पुन्हा पुन्हा'त तेच ते करण्याचा भाव आहे. इथे कमांड तीच, पण दर खेपेला माल वेगळा. 'वारंवार'ला तक्रारीचा वास येतो, वारंवार वीज जाते तसा. 'प्रत्येकी' हा वाटणीचा शब्द. या कामाला मराठीत 'गणिक' आहे: पावलागणिक, गावागणिक. 'मागे' जवळचा वाटतो, पण तो हिशोबाचा. मार्केट यार्डात हमाली पोत्यामागे ठरते.

खरी मेख मात्र 'प्रत्येक ओळीसाठी' यात आहे, आणि ती विचारलेलीच नाही. समजा, एका फायलीत चार ओळी आहेत: मिरज, तासगाव, कवठे महांकाळ, विटा. ही यादी पाइपमधून 'एक्सआर्ग्ज एको'कडे सोडली (एको, म्हणजे echo, हाती आलेलं नुसतं छापते), की चारही गावं एकाच ओळीत छापून येतात. म्हणजे एको एकदाच चालली. सगळा माल तिला एकगठ्ठा मिळाला. यादी फारच लांबली, कमांडच्या लांबीची मर्यादा ओलांडू लागली, तरच एक्सआर्ग्ज तिचे गठ्ठे पाडते. 'वजा एन 1' (-n 1, म्हणजे एका खेपेला एकच तुकडा) लावलं तर एको एकेकासाठी चालते खरी, पण ओळी उमटतात पाच! मोकळी जागा दिसली की तुकडा, त्यामुळे कवठे एकीकडे, महांकाळ दुसरीकडे. हे झालं शब्दागणिक. तालुका अखंड हवा तर 'वजा कॅपिटल आय' आणि महिरपी कंस (-I {}); कंसाच्या जागी आलेली ओळ बसते. तिथे तुकडा ओळ संपल्यावरच पडतो. एकोच्या जागी फायली पुसणारी 'आरएम' असेल, आणि फायलीच्या नावात मोकळी जागा असेल, तर भलतीच फाइल जाऊ शकते.

(वर्गात बोलताना 'कमांड फिरवते' म्हटलं तरी चालेल. लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा कोड, आपण फिरवतोच.)

टिपांत मी असं लिहीन: 'पाइपमधून आलेले शब्द एक्सआर्ग्ज दिलेल्या कमांडला एकगठ्ठा पुरवते, वजा एन 1 दिल्यास ती कमांड शब्दागणिक चालते, वजा कॅपिटल आय दिल्यास ओळीगणिक.'