रात्री डॉक्टरांना फोन करताना

प्रश्न : इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात मी रात्रपाळीला नर्स आहे. फोनवर डॉक्टर ‘नेमकं सांगा’ म्हणून चिडतात आणि औषधाचा डोस ऐकण्यात चूक होईल अशी धास्ती वाटते. काय करावं?
— एक वाचक, रामबाग

उत्तर : फोन लावण्याआधी नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन ताजे मोजा, केसपेपर हातात ठेवा. मग असं सांगा : ‘खाट 7, वय 62, काल पित्ताशयाचं ऑपरेशन. वरचा रक्तदाब 130 होता, आता 88. नाडी 124. आतून रक्तस्राव असावा असं वाटतं. तुम्ही लगेच येऊन पाहा.’ परिस्थिती, पूर्वपीठिका, अंदाज, मागणी : हीच ‘एसबार’ पद्धत. मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची. शेवटची मागणीच बहुतेकदा राहून जाते. नुसतं ‘पेशंट बरा वाटत नाही’ म्हटलं, तर ‘लक्ष ठेवा’ एवढंच उत्तर मिळतं. आपला अंदाज सांगणं हा आगाऊपणा नव्हे, बिनधास्त सांगा.

तोंडी आदेश आधी लिहा, मग लिहिलेलं वाचून दाखवा आणि ‘बरोबर’ हा शब्द ऐकूनच फोन ठेवा. आकडे सुटे बोला : ‘फिफ्टीन, एक-पाच’, नाहीतर ते फिफ्टी ऐकू येतं. आपल्याकडे आदेश हिंदीत येतात, तिथे उनसठ-उनहत्तरचा घोळ होतो. इन्सुलिनपुढे ‘युनिट’ पूर्ण लिहा. नुसता इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसून 10 चे 100 होतात. 1.0 नको, 1 लिहा. वेळ आणि डॉक्टरांचं नाव नोंदवा, सही नंतर आठवणीने घ्या.

फोन उचलला नाही, तर वाट पाहत बसू नका. थेट वरिष्ठांना लावा.