चर्चच्या अभ्यास परिषदेला जाताना बायबल किती वाचलेलं असावं?

तुम्ही लिहिलंय की पॅरिशने, म्हणजे तुमच्या स्थानिक चर्चने, तुमचं नाव तीन दिवसांच्या परिषदेला दिलंय. श्रद्धा, पवित्र शास्त्र आणि उपासना असे विषय आहेत, पण बायबल तुम्ही सलग कधी वाचलेलं नाही. मग जाणकारांमध्ये निभाव लागेल का?

नक्की लागेल. मी वसईची, धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि अशा परिषदांमध्ये गटचर्चाही घेते. सगळं बायबल वाचून काढायच्या मागे आत्ता लागू नका. एकच उतारा घ्या आणि तो पुन्हा पुन्हा वाचा. लूकच्या शुभवर्तमानाचा (येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक) 5वा अध्याय घ्या. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तो लगेच आपलासा वाटतो. रात्रभर राबून शिमोन या कोळ्याला एक मासळी मिळालेली नाही आणि येशू त्याला होडी पुन्हा खोल पाण्यात न्यायला सांगतो. एका गटात यावर श्रद्धा, आज्ञापालन असं बरंच बोलून झालं. मग पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले एक काका म्हणाले, "पण ते जाळी धूत होते ना? जाळी धुतली म्हणजे त्या दिवसाचं काम संपलं. धुतलेली जाळी परत पाण्यात टाकायची म्हणजे सगळं पहिल्यापासून." दुसऱ्याच ओवीत ते लिहिलेलं आहे, आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं, पण शिमोनाला नेमकं काय जड गेलं असेल ते काकांमुळे कळलं. त्यांनी धर्मशास्त्राचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. व्याख्याते ग्रीक शब्द, इतिहास, संदर्भ सांगतील, ते जरूर लिहून घ्या. पण तुमच्या जगण्यातून जे दिसतं ते तुम्हीच सांगायला हवं.

उपासनेबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचंय. बरेच जण सत्रांच्या वेळी वह्या उघडून बसतात आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लागली की अभ्यास संपला असं समजतात. असं करू नका. लूकच्या 24व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य आहेत. येशू आधी त्यांची निराशा ऐकून घेतो, मग शास्त्र उलगडून सांगतो आणि शेवटी भाकर मोडतो तेव्हा ते त्याला ओळखतात. आपल्या मिस्सेचा क्रमही हाच आहे: आधी वाचनं आणि प्रवचन, नंतर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे भाकर मोडून वाटणं. शास्त्र आणि उपासना हे दोन वेगळे विषय नाहीत हे तिथे बसून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्यानात कळत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 साली उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला, त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि वाचनांची नवी मांडणी झाली. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांत). पहिलं वाचन बहुधा जुन्या करारातलं असतं आणि त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जुळणारं निवडलेलं असतं. परिषदेच्या आधीचे दोन-तीन रविवार ही वाचनं घरी वाचून जा आणि पहिल्या वाचनाचा शुभवर्तमानाशी धागा कुठे जुळतो ते स्वतः शोधा. याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

मराठीत बोलायला बिचकू नका. आपल्या भाषेत हे सगळं समजून घेण्याची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंचं सुमारे 11 हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य 1616 साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, आणि आपल्या भाषेत वाचायला ग्रंथ हवा ही नव्या ख्रिस्ती लोकांची मागणी त्या ग्रंथातच नोंदलेली आहे.

बायबल छापील न्या, फोनवर टिपणं लिहायला समास नसतो. परिषद इतर पंथीयांबरोबर असेल तर एक लक्षात ठेवा: आपल्या कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बंधुभगिनींच्या 66. त्यामुळे तोबित किंवा मक्काबी यांसारखं जास्तीचं पुस्तक शेजाऱ्याला सापडलं नाही तर तुमचं बायबल त्याच्यापुढे सरकवा. आणि गटचर्चेचे उतारे आयोजकांकडे आधीच मागा.